उभं पाणी

पाण्याच्या मधोमध आल्यावर त्याने हॉर्न वाजवला. गरज काहीच नव्हती. पुढे कोणी नव्हतं, मागे कोणी नव्हतं. लहान मूल पत्र्याची गाडी ढकलताना तोंडाने वाजवतं तसा, नुसत्या खुशीने वाजवला. मागच्या सीटवर मी पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून बसलो होतो आणि त्या पुढच्या सीटवर माझी लेक होती. हॉर्न वाजला आणि माझी बोटं त्या नव्याकोऱ्या गादीत अशी रुतली की तिने मान वळवून पाहिलं.

"काय झालं बाबा? घाबरलात?"

"घाबरायचं काय त्यात, आजोबा!" गाड्या विकणारा तो तरुण आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला. "हिला गाडी म्हणूच नका. होडी समजा होडी. बाहेर प्रलय होऊ दे, आपण आत बसून मस्त गाणी ऐकायची." आणि त्याने पुन्हा हॉर्न वाजवला.

मला काहीतरी बोलायचं होतं. नेहमीप्रमाणे मी सीटची पाठच आणखी घट्ट धरली. माझी बायको म्हणायची, तुमचा राग म्हणजे बंद खोलीतला पंखा. गरगर गरगर फिरतोय आणि वारा कोणालाच लागत नाही. ती गेली त्याला बरीच वर्षं झाली. पंखा फिरतोच आहे.

शोरूमच्या मागच्या बाजूला त्या लोकांनी सिमेंटचा एक लांबट हौद बांधून घेतला आहे. दोन्ही टोकांना उतार, मधे पाणी, काठावर रंगीत पताका, आणि एका खांबावर मुलांची उंची मोजायला काढतात तशा रेघा. गिऱ्हाईक आलं की त्याला गाडीत बसवायचं, या टोकाने पाण्यात उतरायचं आणि त्या टोकाने वर यायचं. दोन्ही अंगांना पाण्याचे पंख उडतात, मुलं किंचाळतात, काठावरून कोणीतरी मोबाइलमध्ये टिपून घेतं. आमच्या आधीचं कुटुंब तर पुन्हा पुन्हा जाऊन आलं. त्यांच्या हसण्याचा मला राग आला नाही. हसावं माणसांनी. राग आला तो त्या पाण्याचा. निळसर, गाळून घेतलेलं, तळ दिसणारं पाणी. त्याला वास नव्हता. त्यात कुणाची चप्पल नव्हती, मोडलेली फांदी नव्हती, मेलेली घूस नव्हती, कुणाच्या तरी स्वयंपाकघरातला डबा नव्हता. आणि मुख्य म्हणजे ते कुठेही निघालं नव्हतं. उभं होतं. गाडी येईपर्यंत उभं, गाडी गेल्यावर चार हेलकावे घेऊन पुन्हा उभं, दावणीला बांधलेल्या गरीब जनावरासारखं. हे पाणी दाखवून हा पोरगा माझ्या लेकीला पुराची खात्री देत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि बघायला गेलं तर मी काय करत होतो? सीटची पाठ धरून बसलो होतो, आणि तो वळून "कसं वाटलं आजोबा?" म्हणाला तेव्हा "छान" म्हणालो. छान! जन्मभर मी असंच म्हणत आलो आहे.

गाडीतलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगतो. मला गाडी चालवता येत नाही. कधी शिकलो नाही. शिकवणारा शेजारी बसून काहीतरी म्हणेल या भीतीनेच शिकलो नाही. छापखान्यात मुद्रितं तपासण्यातच माझी सगळी नोकरी झाली. दुसऱ्याने लिहिलेलं वाचायचं, चूक दिसली की समासात खूण करायची, आणि कागद पुढे सरकवायचा. तोंड उघडावं लागत नाही असं ते काम. पण वाचतो मी खूप. मागच्या वादळात लेकीची लहानशी गाडी पाण्यात गेली, आणि दुरुस्तीवाल्याने तिच्याकडे एकदा बघून नुसती मान हलवली. तेव्हापासून वादळात, पुरात चालवायला कुठली गाडी चांगली, याच्यावर हाताला लागलं ते सगळं मी वाचलं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. गाडी जमिनीपासून किती वर हवी, इंजिन हवा कुठून घेतं, त्या वाटेने पाणी आत गेलं तर काय होतं, चाकं कशी हवीत, पाण्यात गेल्यावर दारं उघडतात की नाही. वाचता वाचता माझ्या लक्षात यायला लागलं की उंच गाडी घ्यावी तर वादळात पुलावर वारा तिला ढकलतो, आणि बुटकी घ्यावी तर पाणी. हलकी घ्यावी तर तरंगते, जड घ्यावी तर आत बसणाऱ्याचा जीव निर्धास्त होतो आणि नको तिथे जातो. हे शेवटचं कुठे छापलेलं नव्हतं. ते माझं. म्हणूनच मला त्याचा भरवसा नव्हता.

लेकीने फोनवर सांगितलं होतं, "रविवारी तयार राहा. गाडी बघायला जायचंय. तुमचं मत पाहिजे मला." माझं मत! सकाळपासून मी ते मत मनात घोळवत होतो. मत असं होतं, की कुठलीच घेऊ नकोस. म्हणजे घे, दुकानात जायला, फिरायला घे. पण पुरातून न्यायची म्हणून घेऊ नकोस. कारण घेतलीस की जाशील. ती डायलिसिसच्या विभागात काम करते. माणसांचं रक्त नळीतून बाहेर काढायचं, यंत्रात धुवायचं, पुन्हा त्यांच्या अंगात सोडायचं. वादळ येवो की आणखी काही येवो, त्या माणसांचं रक्त काही थांबत नाही. एकदा तिच्या मोबाइलवर मी तिच्या दवाखान्याची सूचना वाचली होती, चोरून नव्हे, तिनेच दुसरं काहीतरी दाखवायला हातात दिला होता: कर्मचाऱ्यांनी वादळी हवामानातही आपापल्या सोयीने वेळेवर हजर राहावे. आपापल्या सोयीने! हे दोन शब्द मी कित्येक आठवडे चावत होतो. कोण कुठला अधिकारी, कोरड्या खोलीत बसून, दुसऱ्याच्या लेकीला लिहितो, ये बाई पाण्यातून, तुझी तू ये. मी मनातल्या मनात त्याच्याशी रोज भांडत होतो. त्याला निरुत्तर करत होतो. सकाळी दाढी करताना माझे ओठ हलताहेत हे आरशात बघून मी गप्प व्हायचो.

आणि या सगळ्याच्या तळाशी दादा होता. माझा मोठा भाऊ. तो दुधाचा टँकर चालवायचा. खेड्यांतून दूध गोळा करून शहरातल्या केंद्रात आणायचं, टाकी रिकामी करायची, परत जायचं. वाटेत नदीवर एक फरशी होती, म्हणजे पूल कसला, नदीच्या अंगावर टाकलेला दगडी रस्ताच; पाणी वाढलं की तो पाण्याखाली जायचा. मला छापखान्यात नुकतीच नोकरी लागली होती, सुट्टी होती, म्हणून मी त्याच्याबरोबर खेड्यावर गेलो होतो. येताना फरशीवर पाणी होतं. मी केबिनमध्ये पुस्तक वाचत होतो. "मीट ते," दादा म्हणाला. "जन्मात पुन्हा बघायला मिळणार नाही, वर बघ जरा." टाकी दुधाने काठोकाठ भरलेली होती. चाकांखालून गुरगुर ऐकू येत होती, पायाखालचा पत्रा थरथरत होता, पाणी डावीकडून येऊन आम्हाला धडका देत होतं, आणि टँकर गाभण म्हशीसारखा संथ चालला होता. दादा मांडीवर ताल धरून बसला होता. पलीकडे चढल्यावर म्हणाला, "बघितलंस? एवढी मोठी गाडी. तिला काय होतंय!" मला त्याचा इतका अभिमान वाटला, की पुढचा सगळा रस्ता पुस्तक उघडायचं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो परत निघाला. एकटा. टाकी रिकामी. केंद्रावरच्या साहेबाने बाहेर येऊन आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाला, कालच्यापेक्षा पाणी उतरलंय, आणि आज तर गाडी हलकी आहे, पटकन निघून जाईल. दादालाही ते पटलं. मी तिथे असतो तर मलाही पटलं असतं. आजही, क्षणभर, ऐकायला ते किती बरोबर वाटतं! गाडी हलकी आहे, पटकन निघून जाईल. रिकामी टाकी म्हणजे झाकण लावलेलं, हवेने भरलेलं प्रचंड पिंप, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. काठावरच्या लोकांनी नंतर सांगितलं, की टँकर पडला नाही, आपटला नाही, कसला मोठा आवाज झाला नाही. झोपेत माणूस कूस बदलतो तसा तो मागच्या बाजूने हलकेच उचलला गेला, फरशीवरून उतरला आणि चालायला लागला. तरंगत. आणि दादा हॉर्न वाजवत होता. पाणी वळतं तिथपर्यंत ऐकू येत होता, म्हणाले. सांगणाऱ्या माणसाला ते सांगायची काय गरज होती? त्याने बाकी सगळं सांगावं आणि तेवढं गाळावं, एवढं कसं कळलं नाही त्याला? तो साहेब नंतर घरी आला. खाली मान घालून बसला. बोलायला माझ्याजवळ कितीतरी होतं. मी आत गेलो आणि त्याला पाणी आणून दिलं. प्यायला. तो प्यायला आणि मी रिकामं भांडं हातात घेऊन उभा राहिलो.

"आजोबा, तुम्ही इथे बसा, ए.सी.च्या समोर," विकणारा तरुण म्हणाला. आम्ही हौदावरून आत आलो होतो. काचेचं टेबल, गुळगुळीत कागदावरची चित्रं, भिंतीवरच्या पडद्यावर तीच गाडी काळ्या ढगांखालून पाणी फाडत चाललेली. कोपऱ्यात रबराचा आणि नव्या कापडाचा वास. लेकीला लहानपणी मी भिंगरी म्हणायचो, कारण ती एका जागी ठरतच नसे. आता ती अगदी स्थिर बसून एकेक प्रश्न विचारत होती. पाणी आत शिरलं तर दिवे चालू राहतात का. काचा वीज नसताना खाली होतात का. मागच्या सीटवर आडवं झोपता येतं का.

"झोपता येतं की, ताई! सीट दुमडली की पलंगच."

"आणि म्हाताऱ्या माणसाला चढायला? पायरी उंच आहे."

"त्याला आपण खाली एक जोडपायरी लावून देऊ. आजोबा आरामात चढतील. काय आजोबा?"

मी हसलो. मला वाटलं, माझ्या मानासाठी म्हणतेय. चित्राखाली बारीक अक्षरात काहीतरी होतं. सवयीने डोळे तिथे गेले. पाण्याची खोली स्थिर पाण्यात मोजलेली आहे. तेवढंच. मी खिशातली पेन्सिल काढली आणि 'स्थिर' या शब्दाखाली रेघ ओढली, कागद लेकीच्या पुढे सरकवला. माझ्या परीने मी मत दिलं होतं. तिने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही, उलटा करून त्याच्या पाठीवर काहीतरी हिशेब मांडायला लागली.

मग माझं काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही.

"एक विचारू का?" मी म्हणालो.

"विचारा की."

"तुमच्या त्या हौदातलं पाणी जातं कुठे?"

"जातं कुठे म्हणजे? कुठेच नाही जात. खराब झालं की बदलतो आम्ही."

"मग पुराच्या पाण्याशी त्याचा काय संबंध?"

तो हसला. वाईट हसला नाही, गिऱ्हाईकाच्या वडिलांशी हसतात तसं हसला. "आजोबा, पाणी ते पाणी."

"पाणी ते पाणी नाही!" माझा आवाज फाटला. शेजारच्या टेबलावरची माणसं वळली. "तुमचं पाणी उभं आहे. पुराचं पाणी चालतं. चालणारं पाणी गुडघ्याला लागलं तर धडधाकट माणूस पडतो. होडी म्हणालात ना? गाडीची होडी झाली की संपलं! होडीला वल्हं असतं, सुकाणू असतं. गाडी तरंगली की तिची चाकं हवेत फिरतात नुसती. माझा भाऊ तुमच्या या गाडीच्या दसपट मोठ्या गाडीत होता. दसपट! रिकामी होती म्हणून गेली. आणि तुम्ही पाण्यात उभं राहून हॉर्न वाजवता? कशाला वाजवलात हॉर्न? काय म्हणून वाजवलात?"

तो तरुण उठून उभा राहिला होता. त्याच्या चेहऱ्यावर भीती होती, आणि माझ्यामुळे कोणाच्या चेहऱ्यावर भीती आलेली मी पहिल्यांदाच बघत होतो. मला वाईट वाटलं. पण आता पंख्याच्या खोलीचं दार उघडलं होतं. मी लेकीकडे वळलो.

"आणि तू. तो दवाखाना सांगतो, आपापल्या सोयीने या, आणि तू निघालीस सोय विकत घ्यायला. त्यांना सांग, रस्ता द्या, बोट पाठवा, नाहीतर मी येणार नाही. एक दिवस म्हण की येणार नाही!"

"बाबा, बसा."

"नाही बसत."

"बाबा, दवाखान्यासाठी कोण घेतंय गाडी?"

तिचा आवाज चढला नव्हता. तो खाली गेला होता. तिची आई रागावली की असाच खाली जायचा.

"ती सूचना कधीची आहे माहितीये? मागच्या वादळाच्याही आधीची. तेव्हाच आम्ही सगळ्या जणी भांडलो. आता वादळाची बातमी आली की आम्ही आदल्या दिवशीच आत जाऊन राहतो. गाद्या टाकल्यात तिथे. पेशंटनासुद्धा आदल्या दिवशीच बोलावून घेतो. ज्यांना धड बसता येत नाही, एकाला तर पायच नाही, ते सगळे पिशवी घेऊन येतात हो बाबा, आदल्या दिवशी. एकच माणूस माझ्या घरी यायला तयार नाही. दर वेळी फोन करते. काय म्हणता तुम्ही? सांगा ना इथे, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा."

मी काय म्हणतो ते मला पाठ होतं. माझी काळजी करू नकोस, मी कोणाला त्रास देत नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं आहे की त्याचा मला अभिमान आहे. होता. सखल भागातल्या तळमजल्याच्या दोन खोल्या, भिंतींना पुस्तकं, कोणाकडे काही मागणं नाही. लेकीचं घर उंचावर आहे, टेकाडावरच्या इमारतीत, कितीही पाऊस झाला तरी तिथे पाणी येत नाही. पण तिथे जायचं म्हणजे जावयाच्या घरात जायचं. जावई देवमाणूस आहेत, तेच तर अवघड. बायको गेल्यावर मी तिथे थोडे दिवस राहिलो होतो. पहिल्याच सकाळी न्हाणीघराच्या दिव्याचं बटण मला सापडेना. आत चाचपलं, बाहेर चाचपलं. जावई पलीकडे पेपर वाचत बसले होते. त्यांना विचारायचा धीर झाला नाही. जितके दिवस राहिलो तितके दिवस अंधारात आंघोळ केली, आणि एकदा साबण समजून कपडे धुवायची वडी अंगाला लावली. मग म्हणालो, मला पुस्तकांशिवाय करमत नाही, आणि घरी आलो.

"मागच्या वेळी मी दवाखान्यातच होते," लेक म्हणाली. "आत. कोरडी. तुमचा फोन लागेना म्हणून मैत्रिणीला माझी यंत्रं बघायला सांगितली आणि निघाले."

"मला वाटलं, तू कामावर जाता जाता..."

"तुमची गल्ली कुणाच्या वाटेवर आहे बाबा?"

त्या दिवसाची गोष्ट मी चारचौघांत हसत सांगतो. मला येणारी तेवढी एकच गमतीची गोष्ट आहे. खोलीत पाणी शिरलं तेव्हा मी खालच्या फळ्यांवरची पुस्तकं वर रचली, टेबलावर खुर्ची ठेवली, खुर्चीवर मी बसलो, आणि खिडकीच्या उजेडात वाचायला लागलो. टेबलाच्या पायांशी पाणी चुळबुळत होतं. माझी एक चप्पल या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या घालत होती. कादंबरी चांगली रंगात आली होती. बाहेर गल्लीच्या तोंडाशी कोणीतरी सारखा हॉर्न वाजवत होतं, आणि मी मनात म्हटलं, काय माणसं आहेत, अशा पावसातही यांना घाई. मग हॉर्न थांबला. बऱ्याच वेळाने दार ढकलून लेक आत आली, छातीपर्यंत चिखलाने माखलेली, आणि मी वरून म्हणालो, "अगं, तू कशाला आलीस? आत्ता कुठे गोष्ट जमली होती." इथे ऐकणारे हसतात. लेकही हसायची. निदान मला तसं वाटायचं.

"गाडी बंद पडली नव्हती," ती म्हणाली. आता ती माझ्याकडे बघत नव्हती. काचेच्या टेबलावर नखाने एक रेघ परत परत ओढत होती. "सगळ्यांना सांगितलं बंद पडली म्हणून. ती सरकली. मी ब्रेकवर उभी होते अक्षरशः, आणि ती आडवी सरकत होती. तुम्ही म्हणालात ना, चाकं हवेत? तशी. कोपऱ्यावरच्या भिंतीला टेकली म्हणून थांबली. भिंत होती म्हणून. दार उघडेना, काच उघडेना. मी हॉर्न वाजवत होते बाबा. कोणीतरी ऐकेल म्हणून. शेवटी मागची काच फोडून निघाले."

मी बसलो. खुर्ची तिथे आहे की नाही हे न बघता बसलो, ती होती.

"काय काय बघतेय मी या गाडीत, सांगू?" ती म्हणाली. "तुम्हाला चढता येईल का. तुम्ही आडवे पडू शकाल का. तुमच्या चार पिशव्या पुस्तकं मागे बसतील का, कारण तुम्ही त्यांच्याशिवाय हलणार नाही. मला नको आहे हे धूड. लावायला जागासुद्धा नाही मला. पण पुढचं वादळ येणार, आणि तुम्ही म्हणणार, मी कोणाला त्रास देत नाही, आणि मी येणार. येणारच ना? मग कशातून येऊ तेवढं सांगा. एवढं वाचलंय तुम्ही. कुठली घेऊ?"

माझा राग कुठे गेला असं विचाराल तर तो कुठेच गेला नव्हता. तिथेच होता, तितकाच होता. दवाखान्याच्या अधिकाऱ्यावर तो आता बसेना. समोरच्या पोरावर बसेना, तो बिचारा कुठूनसा पाण्याचा ग्लास घेऊन आला होता आणि तो मला द्यावा की लेकीला या विचारात उभा होता. केंद्रावरचा तो साहेबही आठवला, खाली मान घालून बसलेला. सगळीकडे फिरून राग आला आणि माझ्यासमोर, त्या टेबलावरच्या खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्यासमोर येऊन उभा राहिला. म्हातारा पुस्तकातून मान वर काढेना. हॉर्न ऐकतोय आणि पान उलटतोय. त्याला मी ओरडून सांगावं, मीट ते, वर बघ जरा! पण ओरडलो तरी तो काय म्हणणार हे मला ठाऊक होतं. तो अगदी सभ्यपणे म्हणाला असता, माझी काळजी करू नका.

मी पाण्याचा ग्लास घेतला. प्यायलो नाही. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि माफी वगैरे शब्द मी छापील मजकुरात पुष्कळ तपासले आहेत, तोंडाने मला ते येत नाहीत.

"तुझ्याकडे," मी म्हणालो, "न्हाणीघराच्या दिव्याचं बटण कुठे आहे?"

"काय?"

"बटण. दिव्याचं. मला सापडत नाही ते."

तिला कळायला वेळ लागला. कळल्यावर तिचा चेहरा मवाळ झाला असं मला म्हणायचं होतं, पण तसं झालं नाही. तिचे डोळे भरले आणि ती आधीपेक्षा जास्त चिडली.

"बाहेर आहे! दाराच्या डाव्या हाताला, कपाटाच्या आड. एवढ्यासाठी? विचारलं असतंत तर कोणीही सांगितलं असतं."

"आदल्या दिवशी येईन," मी म्हणालो. "बातमी आली की. बसने येईन. न्यायला येऊ नकोस."

"पुस्तकं?"

"चार आणीन." मग म्हणालो, "दोन."

माझ्या पेन्सिलीच्या रेघेचा तो कागद तिने घडी घालून बाजूला सारला, नाक पुसलं आणि त्या तरुणाकडे वळली. "यातली सगळ्यात लहान गाडी कुठली आहे तुमच्याकडे? साधी. कोरड्या रस्त्यावर चालेल अशी."

"आहे की ताई," तो म्हणाला. त्याचा आवाज पडला होता. "पण ती पाण्यात..."

"पाण्यात नाही न्यायची."

तो चाव्या आणायला गेला. आम्ही दोघं त्या काचेच्या टेबलाशी बसून राहिलो, एकमेकांवर रागावलेले. मागे कोणीतरी नवीन गिऱ्हाईक हौदात उतरलं असावं. मुलांचं खिदळणं ऐकू आलं, पाणी उडाल्याचा आवाज झाला आणि मग हॉर्न वाजला. खुशीने, लांबलचक. आम्ही दोघांनीही एकदमच मान वर करून तिकडे पाहिलं.